शंभर शेळ्यांची बाटली

लसीची एक बाटली शंभर शेळ्यांची असते. दहाची मिळत नाही, पंचवीसचीही मिळत नाही. आत चिमूटभर पूड असते, तिच्यात पाणी सोडलं की दोन तासांत शंभर टोचून मोकळं व्हायचं, नाहीतर ती मेली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे ऐकतेय. झोपेतून उठवून विचारलंत तरी घडाघडा सांगेन.

आमचं दुकान जनावरांचं. पुढे पेंडीची पोती, कोंडा, दावी, गळ्यातल्या घंटा. मागच्या फळीवर औषधं. पाटीवर नुसतं 'पशुखाद्य' लिहिलंय, पण पोतं खांद्यावर घेतलेला माणूस पायरी उतरता उतरता म्हणतोच, "वासरू हगतंय हो दोन दिवस, काहीतरी द्या." मग हे, म्हणजे माझे यजमान, विचारायला लागतात. पातळ की घट्ट? रंग कसला? कान गार लागतात का? माणूस तिथेच पोतं टेकवून हातवारे करून सांगतो. हे काही शिकलेले डॉक्टर नव्हेत. शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात चार वर्षं जनावरं धरायला होते, तिथे बघून बघून हात बसला. पण सगळे डॉक्टरच म्हणतात, कारण खरा सरकारी डॉक्टर वीस मैलांवर, आणि त्याची गाडी महिन्यातले वीस दिवस नादुरुस्त. तो फोनवर सल्ले देतो. उंटावरून शेळ्या हाकणारा, असं मी म्हणायची. आता म्हणत नाही.

घरात फ्रीज आहे, आणि त्यात दूध ठेवायची मला परवानगी नाही. तो लसीचा. एक बाटली महिन्यातून एकदा एसटीनं बर्फाच्या डब्यात येते. हे तिला जावयासारखं उतरवून घेतात.

आणि माझ्या नणंदेच्या नऊ शेळ्या. वन्सं ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं, तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि दोन शेळ्या घेऊन आल्या. त्या दोनाच्या तीन वर्षांत नऊ झाल्या. पिठाच्या गिरणीमागे एक खोली रिकामी होती, शेजारी गोठ्यापुरती जागा. पाच शेळ्या गाभण होत्या. त्या व्याल्या, करडं हाताशी आली, की वन्सं तिकडे राहायला जाणार, असं ठरलं होतं. भावाच्या अन्नावर राहायचं नाही, हा त्यांचा एकच हट्ट.

खोटं कशाला बोलू, त्या जायला हव्यात हे मलाही वाटत होतं. बाई वाईट नव्हत्या. पण एका चुलीला दोन बायका, आणि एकीला दुसरीनं पिळलेलं फडकं परत पिळायची सवय. मी धुतलेलं पातेलं त्या उजेडात धरून बघायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसतं परत धुवायच्या. त्या नऊ शेळ्या जगाव्यात म्हणून मी जितका जीव टाकला तितका वन्संनीही टाकला नसेल. दोघींना एकच हवं होतं, दोन वेगळ्या कारणांनी.

थंडी सरता सरता वारं सुटलं. दिवसभर धूळ. दुकानातल्या बाटल्या मी सकाळी पुसायची आणि दुपारी त्यांवर बोटानं नाव लिहिता येई. अशाच एका दिवशी वन्सं चारून आल्या त्या थेट दुकानात शिरल्या, हातात काठी तशीच.

"अरे, नदीपलीकडे शेळ्या मरतायत. तिकडचा मेंढपाळ ओरडून सांगत होता. ताप येतो, नाक-डोळे गळतात, तोंड आतून सोलून निघतं आणि मग हगवण. आठ दिवसांत खुंटे रिकामे."

ह्यांनी तराजूतलं माप खाली ठेवलं. "नदी ओलांडली का त्यांनी?"

"मला काय माहीत? पाणी तर घोट्याएवढं आहे."

त्याच दिवशी ह्यांनी आतल्या दारावर खडूनं मोजणी सुरू केली. कुणाच्या किती. पेंड न्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचं, तुझ्या किती लिहू? चार दिवसांत आकडा अठ्ठेचाळीसवर गेला आणि तिथेच बसला. बाकीच्यांचं एकच म्हणणं. आमच्या धडधाकट आहेत. सुई टोचली की ताप येतो, दूध आटतं. आधी दुसऱ्यांच्या होऊ देत. लिहून गेलेलेही म्हणायला लागले, शंभर भरल्या तरच आमच्या आणू.

सगळं घोडं अडलं होतं वीटभट्टीवाल्यापाशी. त्याच्या एकट्याच्या बत्तीस. तो हो म्हणाला असता तर त्याच्यामागून वीसेक सहज आल्या असत्या. हे दोनदा गेले. दुसऱ्यांदा मी बरोबर होते, कोंड्याचं पोतं पोचवायचं होतं म्हणून. भट्टीवाला खाटेवर बसून दाढी करून घेत होता. त्यानं ह्यांना बस म्हटलं नाही. हे पिशवी छातीशी धरून उन्हात उभे. दाढी झाली, त्यानं तोंड धुतलं, पुसलं, आणि मग म्हणाला, "गाभण शेळीला टोचली आणि तिनं टाकलं, तर तू भरून देणार?"

"नाही टाकत, मालक. मी हातानं..."

"तू डॉक्टर आहेस?"

ह्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"पेंडवाला आहेस. पेंड वीक."

भट्टीवरच्या बायका डोक्यावर विटा घेऊन जाता जाता हसल्या. घरी आल्यावर ह्यांनी टोचायच्या सहाही सुया काढल्या, तेल लावून पुसल्या आणि परत ठेवल्या. मला भट्टीवाल्याचा असा राग आला होता की पोचवलेलं पोतं परत आणावंसं वाटलं.

दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी सकाळी वन्संनी भावासमोर चहाचा कप ठेवला आणि तिथेच खाली बसल्या. त्या कधी मागत नसत. त्या दिवशी मागितलं.

"बाटली फोड ना रे माझ्यासाठी. नऊ तर नऊ."

"आक्का, एक्क्याण्णव शेळ्यांचं औषध मातीत ओतू?"

"माझ्यासाठी ओत."

"दुसरी यायला महिना लागेल. उद्या नदीपलीकडचं इकडे आलं, आणि माझ्याकडे बाटली नाही? आणि लोक काय म्हणतील? आम्हाला म्हणाला शंभर भरा, बहिणीसाठी मात्र फोडली."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. बाई माझ्याकडे आशेनं बघत होती, आणि असं तीन वर्षांत कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं." कारण बरोबरच होतं. आजही कागदावर बरोबरच आहे.

त्या उठल्या आणि शेळ्या सोडायला गेल्या. कप तसाच राहिला.

चौदाव्या दिवशी भट्टीवरच्या दोन शेळ्या मेल्या.

दुपारपर्यंत बातमी घराघरात. मग काय विचारता! ज्यांनी चौदा दिवस पाठ फिरवली होती ते पायरीवर चढाओढ करायला लागले. माझ्या सात लिही, माझ्या अकरा लिही. समोरच्या पडवीतल्या म्हाताऱ्यानं पानतंबाखू थुंकून म्हटलं, "बैल गेला आणि झोपा केला," पण त्यानंही त्याच्या तीन लिहवल्याच. संध्याकाळपर्यंत भट्टीवाल्याला सोडून आकडा एकशे चारवर गेला. भट्टीवाल्यानं माणूस पाठवला, तर हे म्हणाले, "त्यांच्या आणायच्या नाहीत. मी उद्या दुपारी तिकडे येऊन बघेन." मला ते ऐकून बरं वाटलं.

मग ह्यांनी सरकारी डॉक्टरला फोन लावला. मी शेजारी उभी होते, त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आजार शिरलाय ना गावात? मग एका अंगणात गोळा करू नका. घरोघरी जाऊन टोचा."

"साहेब, दोन तासांत एकशे चार, घरोघरी? एकटा माणूस मी."

"मग फाटकावर एकेकीचं नाक-तोंड तपासून आत घ्या. एक जरी गळकं नाक दिसलं, तर बाटली फोडू नका. सगळ्यांना घरी पाठवा. कळलं? एकीच्या अंगातलं सुईनं दुसरीच्या अंगात जातं. टोचून मारण्यापेक्षा न टोचलेलं बरं."

ह्यांनी मला ते तीनदा सांगितलं. रात्री जेवताना, सकाळी उठल्यावर, आणि फाटकावर उभं करताना. "तू फाटकावर. तुझी नजर चांगली आहे. जरा संशय आला तर नुसती हाक मार, मी झाकण लावतो."

सकाळी सात वाजता आमच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. वारं पहाटेपासूनच सुटलेलं. मी फाटकावर, हातात फडकं. एकेक शेळी यायची, मी जबडा धरून वर करायची, नाक, डोळे, ओठ उघडून हिरड्या. पुढची. लोक मागून ढकलत होते. "अहो, लग्नाची पोरगी बघताय का? सोडा की तिला!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले, मीही हसले. ऐंशीच्या वर झाल्या होत्या. आत हे सुया उकळून तयार, बाटली बर्फात, अजून फोडलेली नाही. सगळ्या तपासून झाल्यावर फोडायची, असं ठरलं होतं.

मग शिंपीण आली. आमच्या गल्लीच्या टोकाला मशीन चालवते ती. तिच्या चार. तीन बघितल्या. चौथी पांढरी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली कोवळी शेळी, तिचा जबडा हातात घेतला तर तो गरम लागला. नाकपुडीच्या कडेला ओलं होतं, त्यात धूळ बसून चिखल झालेला.

"धुळीनं झालंय," शिंपीण म्हणाली. "काल दिवसभर वाऱ्यात होती."

तिच्या मागेच वन्सं होत्या, नऊ दाव्यांचा गुंता मुठीत धरून. त्यांच्या गाभण शेळ्यांची पोटं एकमेकींना घासत होती. मी एकदा आत बघितलं. हे वर बघून हसले, मोजणीचा हात केला, किती राहिल्या? असं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले होते.

हाक मारली असती तर शंभर माणसं शिव्या देत घरी गेली असती. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नसतं. वन्संच्या नऊ तशाच राहिल्या असत्या, आणि वन्सं माझ्या घरात. आणि खरंच धूळ असेल तर? धूळ होतीच की. माझ्या स्वतःच्या नाकात होती.

मी फडक्यानं त्या पाठीचं नाक पुसलं. स्वच्छ दिसलं. "जा," म्हटलं.

ह्यांनी बाटली फोडली. सहा सुया आळीपाळीनं उकळत्या पाण्यात टाकायच्या, असं ठरलं होतं. पहिल्या तीस शेळ्यांपर्यंत तसं झालंही. मग घड्याळ पुढे पळायला लागलं. बोकड उधळला, एकीनं भांडं लाथाडलं, उकळतं पाणी मातीत गेलं. दुसरं ठेवायला चूल पेटेना, वाऱ्यानं. हे म्हणाले, "राहू दे, सगळ्या तपासलेल्याच आहेत." मग एकच सुई, मधे मधे नुसती पुसून. फाटकाजवळच्या आधी उरकायला घेतल्या, शिंपिणीच्या चार झाल्या, लगेच वन्संच्या नऊ, मग आतल्या उरलेल्या. बाटली रिकामी झाली तेव्हा पावणेदोन तास झाले होते. ह्यांनी ती माझ्यासमोर उलटी धरून दाखवली, एक थेंब उरला नव्हता. उरलेल्या चार शेळ्यांच्या मालकाची त्यांनी हात जोडून माफी मागितली.

त्या संध्याकाळी वन्संनी स्वयंपाक केला आणि मला बसवून वाढलं.

चौथ्या दिवशी शिंपिणीची पांढरी पाठ मेली. सहाव्या दिवशी सकाळी वन्संची कानफाटी शेळी उठेना. हे धावत गेले, तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटवून तिथेच बसले. आत हिरड्यांवर कोंडा शिंपडल्यासारखं झालं होतं.

मग ते दिवस. दुसरं काम नाही, दुसरं बोलणं नाही. जांभळ्या औषधाच्या पाण्यानं तोंडं धुवायची, शेळी ओरडायची, तिच्या तोंडाचा वास आपल्या हाताला, जेवताना नाकापाशी. मीठ-साखरेचं पाणी बाटलीनं पाजायचं, अर्धं बाहेर. खालचं साफ करायचं, राख टाकायची, परत साफ करायचं. गाभण पाचांनी दोन दिवसांत गर्भ टाकले. वन्सं ते टोपलीत गोळा करायच्या. रडत नव्हत्या. एकदा नुसतं म्हणाल्या, "जुळी होती गं हिची."

मी मध्येच त्यांच्या हातातलं फडकं घ्यायची, पिळायची. त्या परत पिळत नव्हत्या.

गावात एकूण पासष्ट मेल्या. त्यांतल्या साठ आमच्या परसातून टोचून गेलेल्या. लोक काही आंधळे नव्हेत. एक दिवस दुपारी गिरणीवाला आला. खांद्यावरचं मेलेलं करडू त्यानं पेंडीच्या तराजूत ठेवलं आणि म्हणाला, "कर वजन."

दुकानात चार माणसं होती. हे गल्ल्यामागून उठले, करडू दोन्ही हातांनी उचललं, बाहेर नेऊन पोत्यावर ठेवलं. परत येऊन तराजूचं पारडं धुतलं. तेवढ्यात ती चार माणसं काही न घेता निघून गेली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, असं जाता जाता एक म्हणाला. ह्यांनी त्या टोचणीचे कुणाकडून निम्मे पैसेसुद्धा घेतले नव्हते.

मग ह्यांचं एकच सुरू झालं. "फ्रीज बंद पडला होता का गं मध्ये?" नाही. "आपण घरात नसताना वीज गेली असेल." असेल. "बर्फ कमी होता का?" नव्हता. आणि मग, हळूच, "तू प्रत्येक नाक नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

"मला माहीत आहे. तुझी नजर चांगली आहे." आणि स्वतःशीच, "लसच मेलेली होती. माझ्याच हातून कुठेतरी गरम झाली." हे ते गावालाही सांगायला लागले. पायरीवर येईल त्याला. माझीच चूक, बाटली खराब झाली माझ्याकडून. लोकांना ते सोयीचंच होतं.

सुया त्यांनी पेटीत घालून माळ्यावर टाकल्या. एका सकाळी पलीकडच्या वस्तीवरचा माणूस धापा टाकत आला, गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर. "मी पेंडवाला आहे," हे म्हणाले. "शहरात फोन करा." तो पाया पडायला लागला. हे आत जाऊन बसले. दुपारी कळलं, गायही गेली, वासरूही. ह्यांनी ते ऐकलं आणि कोंड्याची पोती एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे रचायला लागले. सगळी रचून झाल्यावर परत पहिल्या भिंतीकडे.

वन्संची नववी शेळी टोचणीनंतर अकराव्या दिवशी गेली. ती सगळ्यांत थोरली, त्या पेटीबरोबर आलेल्या दोनांतली एक. जगेल असं वाटलं होतं, दोन दिवस पाला खात होती.

आम्ही दोघींनी तिला हातगाडीवर घातलं आणि ओढ्याकाठी नेलं. बाकीचे आठ खड्डे ह्यांनी खणले होते, पण आता त्यांची पाठ धरली होती. कुदळ मी घेतली, फावडं वन्संनी. वरची माती धूळ, खाली मुरूम. माझ्या हाताला फोड आले, ते फुटले. उन्हं वर आली. कंबरेएवढा खड्डा झाल्यावर मी थांबले, आणि मला पुढे खणवेना. एवढे दिवस तोंड दाबून ठेवलं होतं. त्यांना टोपली भरताना बघत होते, ह्यांना पोती रचताना बघत होते. जीव नकोसा झाला होता.

"वन्सं," मी म्हटलं, "शिंपिणीच्या पाठीचं नाक गळत होतं. मी पुसलं आणि आत सोडली. तुमच्या शेळ्या मी मारल्या."

वन्सं काठावर उभ्या होत्या. फावड्याची माती त्यांनी बाजूला टाकली.

"बघितलं मी," त्या म्हणाल्या.

मला कळलंच नाही. "काय बघितलं?"

"तू पुसलंस ते. तुझ्या मागेच होते ना मी. ती पाठ खोकली पण होती, तू आत बघत होतीस तेव्हा." त्यांनी फावडं मातीत रोवलं आणि त्यावर हात टेकले. "म्हटलं, ही हाक मारते का काय आता. म्हटलं, मारू नको गं बाई, मारू नको. माझ्या नऊ एवढ्या होऊ देत. आणि तू नाही मारलीस. मला एवढं बरं वाटलं तुझ्याबद्दल."

मी खड्ड्यात उभी, त्या वर. मला रडू फुटलं. त्यांनी हात दिला, मला वर ओढलं, आणि दोघींनी शेळीचे पाय धरले. पाय ताठ झाले होते, खड्डा थोडा आखूड पडला. वन्संनी गुडघ्यावर बसून तिची मान वळवली आणि आत बसवली. माती लोटताना म्हणाल्या, "गिरणीमागची खोली काल दिली म्हणे दुसऱ्याला."

"राहा की इथेच," मी म्हटलं.

"दुसरं कुठे जाऊ?"

घरी आलो तर हे परसातल्या दगडावर बसले होते. आम्हाला बघून उठले, परत बसले. दाढी वाढलेली, सदऱ्याला कोंडा चिकटलेला.

"पुरली?"

"पुरली."

ते वन्संकडे वळले. मग म्हणाले, "आक्का, तू रांगेत होतीस. तू पण खरं सांग. एखाद्या शेळीचं नाक गळताना दिसलं होतं का? एकीचं जरी? म्हणजे मग लस चांगली होती. म्हणजे मग माझ्या हातून काही बिघडलं नव्हतं..."

त्या माणसाला एका 'हो'ची भूक होती. मी तोंड उघडलं.

"नाही रे," वन्सं म्हणाल्या. "सगळ्या धडधाकट होत्या."

ह्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं.

मी घागर उचलली आणि वन्संच्या हातांवर पाणी ओतायला लागले. "आक्का म्हणतायत ना," मी म्हटलं.